अंक दिसतो छान, पण वाचता येतो का?

गेली दोन वर्षं आम्ही चौघं आणि फिजिक्सचे एक सर मिळून दृष्टिहीन व्यक्तींच्या उपयोगी पडतील अशी उपकरणं करायचा प्रयत्न करतो आहोत. लॅबच्या मागची छोटी खोली, एक लांब टेबल, सोल्डरिंगचं सामान आणि सरांनी घरून आणलेला टेबलफॅन, एवढाच आमचा पसारा. 'त्या कामाबद्दल अंकासाठी काहीतरी लिही' असं मंडळाच्या संपादकांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एक छानशी यशोगाथा असावी. पण माझ्याकडे यश थोडं आहे आणि तक्रार एक आहे. ती आपल्याच विरुद्ध आहे, म्हणजे या मंडळाविरुद्ध आणि या अंकाविरुद्ध. मीही मंडळाचीच आहे, त्यामुळे माझ्याविरुद्धसुद्धा.

सुरुवात आमच्या फजितीपासून करते.

पहिल्या वर्षी आम्ही कमरेला बांधायचा एक पट्टा केला होता. त्यात अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. अडथळा जवळ आला की पट्टा पीं-पीं वाजायचा. सेन्सर स्वस्त होता, प्रोग्रॅम सोपा होता आणि प्रदर्शनात लोक डोळ्यांना रुमाल बांधून चालायचे नि टाळ्या वाजवायचे. आम्ही खूश!

मग आमच्यातल्या एकाने त्याच्या शेजारच्या मास्तरांना पट्टा दाखवायला नेलं. मास्तर म्हणजे फोंड्याकडच्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत सगळी हयात घालवलेले शिक्षक. काचबिंदूने निवृत्तीच्या आसपास त्यांची दृष्टी गेली. त्यांनी पट्टा बांधला, अंगणातून रस्त्यापर्यंत गेले, परत आले आणि शांतपणे सोडून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाय, हा वाजायला लागला की मला गाडी ऐकू येत नाही."

आम्ही चौघं गप्प. दिसत नसलेल्या माणसाच्या कानाशीच आम्ही भोंगा नेऊन ठेवला होता. जे कान रस्ता ओलांडायला लागतात, मागून येणारी स्कूटर ओळखायला लागतात, 'पणजी पणजी पणजी' असं ओरडणाऱ्या कंडक्टरचा आवाज पकडायला लागतात, तेच आम्ही अडवले. पुढे वाचताना कळलं की दिल्लीच्या आयआयटीतल्या गटाने केलेली 'स्मार्टकेन' २०१४ साली बाजारात आली, ती वाजत नाही, थरथरते. पांढऱ्या काठीला ती मुठीसारखी बसते आणि काठीला न लागणारे, गुडघ्याच्या वरचे अडथळे (खाली आलेली फांदी, उभ्या ट्रकची मागची बाजू) हाताला कंपनाने सांगते. वापरणाऱ्यांना विचारत विचारत ती घडवली गेली. आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी निघताना सरांनी मास्तरांना विचारलं, "मास्तर, तुम्हाला नेमकं काय हवंय?" उत्तर लगेच आलं. "चालायचं मी बघून घेतो हो. मला पेपर वाचायचाय. सून वाचून दाखवते, पण तिच्या सवडीने, आणि तिला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच."

दुसरं उपकरण त्यातून आलं. एक लाकडी स्टँड, वर कॅमेरा, खाली रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर, एक स्पीकर आणि मोठी दोन बटणं. पान खाली ठेवायचं, बटण दाबायचं. कॅमेरा फोटो काढतो, टेसरॅक्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं ओळखतं आणि दुसरा प्रोग्रॅम ती बोलून दाखवतो. यातलं एकही सॉफ्टवेअर आम्ही लिहिलेलं नाही, फक्त जोडाजोड आमची. तरी पहिल्यांदा पेटी बोलली तेव्हा आम्ही खोलीत नाचलो होतो.

पण ती बोलली काय? आम्ही हाताशी होता तो हिंदी आवाज बसवला होता. देवनागरीच आहे, काय फरक पडतो, असं वाटलं. त्याने 'ज्ञानेश्वर'चं 'ग्यानेश्वर' केलं, 'कृपा'ची 'क्रिपा' केली. 'चांगला' आणि 'चांदी' यांतले दोन वेगवेगळे 'च' त्याच्या लेखी एकच होते. ५५ आकडा आला की 'पंचावन्न'ऐवजी 'पचपन'. 'पु. ल.' म्हणताना मध्ये असा थांबायचा की जणू वाक्यच संपलं. आम्ही सायन्सची मुलं, आम्हाला हे चालून जाईल असं वाटत होतं. मास्तर दहा मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "वाचतो आहे खरा, पण परक्या माणसासारखा वाचतो."

मग मराठी आवाज शोधला. तरी तक्रारी होत्याच. शेवटी मी मंडळातल्या माझ्या एका मैत्रिणीला, बी.ए. मराठीच्या, लॅबमध्ये ओढून नेलं. ती दोन संध्याकाळी पेटीसमोर वही घेऊन बसली आणि पेटी कुठे अडते, कुठे चुकते, कशामुळे चुकते, याची यादी केली. संक्षेप कुठले सुटे करून लिहायचे, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला र पेटीला वेगळा कळतो की नाही, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द कसा जोडायचा. आम्हा चौघांना दोन महिन्यांत जे सुचलं नव्हतं ते तिने दोन संध्याकाळींत दाखवलं. त्यासाठी तिला सर्किट कळायची गरज पडली नाही, मराठी कळत होतं तेवढं पुरलं.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला छान आहे. आता तक्रारीकडे येते.

मास्तरांची नात आपल्याच कॉलेजात आहे. मागच्या अंकात तिची पहिली कथा आली. आपला अंक आता कागदावर निघत नाही, पीडीएफ येतो. तिने तो आजोबांच्या फोनवर पाठवला. फोनमध्ये टॉकबॅक आहे, म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारी सोय. तिनेच ती त्यांना शिकवली आहे. आम्ही त्या दिवशी पेटीची नवी आवृत्ती घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. मास्तर म्हणाले, "पेटी राहू दे. आधी नातीची गोष्ट ऐकू." फोनवर पान उघडलं, बोट ठेवलं. फोन बोलायला लागला:

"व्ही के ई जी एच..."

आणि असंच पुढे. इंग्रजी अक्षरांची न संपणारी रांग. मास्तरांना वाटलं आपलं बोट चुकतंय. त्यांनी दोनदा पुन्हा प्रयत्न केला, माफी मागितल्यासारखं हसले आणि फोन खाली ठेवला. नात बाजूलाच उभी होती.

चूक मास्तरांच्या बोटाची नव्हती, फोनचीही नव्हती. आपला अंक ज्या फाँटमध्ये लावला जातो त्याची ती गोष्ट आहे. कृतिदेव किंवा त्या पिढीतले इतर जुने फाँट ज्या काळात आले, तेव्हा कॉम्प्युटरला देवनागरी ठाऊकच नव्हती. म्हणून त्या लोकांनी एक हिकमत केली. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच ठेवायची, फक्त त्यांचं चित्र देवनागरीचं दाखवायचं. इंग्रजी 'व्ही' टाइप केलं की पडद्यावर 'अ' दिसतो, 'के' टाइप केलं की काना दिसतो. कृतिदेवमध्ये तुम्ही 'आम्ही' लिहिता तेव्हा डोळ्याला 'आम्ही' दिसतं, पण आत साठवलेलं असतं 'व्ही के ई जी एच'. कागदावर छापायचं असेल तर यात काहीच बिघडत नाही, कारण कागदावर फक्त चित्र उतरतं. त्या काळात मराठी छपाई या फाँटनीच उभी केली, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्याला चित्र दिसत नाही त्याच्या वाट्याला फक्त आतलं येतं, आणि आत मराठी नाहीच.

युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे 'अ'ला स्वतःची जागा आहे, कान्याला स्वतःची आहे, अर्धचंद्रालाही आहे. फोन, कॉम्प्युटर, आमची पेटी, सगळ्यांना ती जागा माहीत असते. त्याच मजकुरातून पुढे ब्रेलही निघू शकतं, कारण १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलेलं आहे आणि कुठल्या अक्षराला कुठले ठिपके हे सॉफ्टवेअरला सांगता येतं. म्हणजे एकदा नीट लिहिलं की ऐकता येतं, बोटाने वाचता येतं, अक्षर मोठं करून अंधूक दिसणाऱ्यालाही वाचता येतं.

गोव्यातल्या वाचकांना मी एक आठवण करून देते. १६१६ साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरं रोमी, कारण देवनागरीचे खिळे इथल्या छापखान्यात नव्हते. बाहेरून रोमी आणि आत मराठी! आपण चारशे वर्षांनी बरोबर उलटं करतो आहोत. बाहेरून देवनागरी, आत रोमी. त्यांच्याकडे खिळे नव्हते. आपल्याकडे मात्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये युनिकोड आहे. रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आपण शुद्ध युनिकोडमध्ये गप्पा मारतो आणि साहित्य मात्र जुन्या फाँटमध्ये नेऊन ठेवतो.

डोळ्यांना जे सुंदर दिसतं तेच वाचनीय, हा समज जुना आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये व्हालांतँ आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि नेहमीचीच रोमन अक्षरं कागदावर उठावदार करून पुस्तकं केली. हेतू फार चांगला होता. पाहणाऱ्यांना ती पुस्तकं देखणी वाटायची. पण बोटाला ती अक्षरं वळणावळणाने चाचपत बसावी लागायची, आणि मुलाला स्वतः तसं लिहिणं जमायचं नाही. पुढे त्याच शाळेत शिकलेल्या, लहानपणी वडिलांच्या कारखान्यात डोळा दुखावून दृष्टी गेलेल्या लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी बसवली, आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. बोटाच्या एका स्पर्शात एक अक्षर! पण डोळसांना ती अक्षरासारखी दिसत नव्हती, म्हणून विरोध झाला. त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, ब्रेल गेल्यानंतर दोन वर्षांनी. मला आपला अंक आउईंच्या पुस्तकांसारखा वाटायला लागला आहे. हेतू चांगला, मांडणी देखणी, आणि ज्याला वाचायचं आहे तो बाहेर.

हे मी मंडळाच्या बैठकीत बोलले तेव्हा तीन प्रश्न आले. ते रास्त आहेत, म्हणून इथे घेते.

पहिला, "असे वाचणारे कितीजण?" आपल्याला माहीत असलेले एक. पण ज्याला दारातूनच परत जावं लागतं तो मोजणीत कसा येणार? आणि मराठी वाचत मोठे झालेले, आता दिसेनासं झालेले आजी-आजोबा आपल्यापैकी किती घरांत आहेत ते ज्याने त्याने आठवून बघावं. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ब्रेल शिकणं फार अवघड जातं. त्यांच्यासाठी बोलणारा मजकूर हाच काय तो वाचनाचा रस्ता.

दुसरा, "मग तुमची पेटी कशाला आहे? पानाचा फोटो काढून तिला वाचू दे." करून बघितलं. दोन स्तंभांतल्या ओळी तिने एकात एक मिसळल्या. जास्वंदीच्या फोटोवर पांढऱ्या अक्षरांत छापलेली कविता तिला दिसलीच नाही. मुळात हे उफराटं काम आहे. लेखकाने मजकूर टाइप केला, आपण त्याचं चित्र केलं आणि आता त्या चित्रातून मजकूर ओळखायला पेटी बसवायची. पीठ दळून झाल्यावर त्यातून गहू वेचायला बसण्यासारखं! पेटी जुन्या छापील पुस्तकांसाठी आहे, आज लिहिलेल्या मजकुरासाठी नव्हे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "आपण सगळा अंक वाचून रेकॉर्ड करू या ना! माणसाचा आवाज यंत्रापेक्षा गोड." जरूर करू या, कविता तर नक्कीच. पण मजकुराची जागा तो घेणार नाही. आवाजात एखादा शब्द शोधता येत नाही, 'हा शब्द कसा लिहितात?' हे अक्षर अक्षर थांबून तपासता येत नाही, आपल्या वेगाने पुढेमागे जाणंही कठीण. जी मुलं फक्त ऐकून शिकतात त्यांचं लेखन कच्चं राहण्याची भीती असते. कुणीतरी वाचून दाखवणं आणि स्वतः वाचणं यांतला फरक मास्तरांनी पहिल्याच भेटीत सांगितला होता: सून वाचते, पण तिला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच.

कामं फार मोठी नाहीत. पुढचा अंक युनिकोडमध्ये लावायचा. आता बरेच देखणे युनिकोड फाँट फुकट मिळतात, सजावट सोडायची गरज नाही. पीडीएफसोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवायची. फोटो आणि रेखाटनांखाली त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहायचं. आणि गटावर कविता टाकताना फक्त सजवलेलं चित्र टाकायचं नाही, खाली कविता टाइपही करायची. हे शेवटचं तर आज रात्रीपासून करता येईल.

जुने अंक बदलायला मात्र मेहनत आहे. जुन्या फाँटमधून युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे ते घसरतात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासायला हवं. मराठी येणाऱ्या माणसाने. ते सायन्सच्या मुलांचं काम नव्हे, ते तुमचं आहे. कायद्याचीही आडकाठी नाही. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचनसुलभ करता यावीत म्हणून २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी सूट घालण्यात आली, आणि याच विषयावरचा २०१३चा मराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता.

उपकरण म्हटलं की सगळ्यांना सेन्सर आठवतो, मोटर आठवते, बक्षीस आठवतं. आम्हालाही तेच आठवलं होतं. गोव्यातच, बिट्स पिलानीच्या कॅम्पसमधल्या विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाच्या कामातून ब्रेल शिकवणारं 'अ‍ॅनी' हे यंत्र पुढे आलं. त्यात ठिपके वर-खाली करणारे भाग आहेत, तसे भारतीय भाषांत बोलणारे धडेही आहेत. ते धडे कुणीतरी बसून लिहिले असणार. जगभरात दृष्टिहीन लोक वापरतात तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केला आणि फुकट दिला. पण तोही फक्त असलेला मजकूर वाचतो. आत मराठी नसेल तर जगातलं कुठलंही यंत्र ती आणणार कुठून?

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर नातीने मला तिची कथा पाठवली. तिने ती मुळात फोनवरच लिहिली होती, युनिकोडमध्ये! अंकासाठी आपणच ती पुन्हा जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतली होती. तिचा मूळ मजकूर तिने आजोबांच्या फोनवर टाकला. मास्तरांनी रात्री एकट्याने ती कथा दोनदा ऐकली. सकाळी तिला बोलावून सांगितलं, "तिसऱ्या परिच्छेदात 'आणि' दोनदा आलंय, आणि शेवटच्या वाक्यात कर्ताच नाही. बाकी गोष्ट चांगली आहे."

ती रडवेली होऊन मला सांगत होती. चुका निघाल्या म्हणून नव्हे. शाळेत असताना आजोबा तिच्या वह्या अशाच तपासायचे.

हा लेख मी युनिकोडमध्ये दिला आहे. संपादकांना विनंती, तो तसाच राहू द्या. मास्तर वाचणार आहेत.